ती दुसरी टीम

३१ ऑक्टोबर, संध्याकाळ

हॅलोविन. दारात भुतं, चेटकिणी, एक सांगाडा. कोरीन चॉकलेटं वाटत होती आणि मी मागे उभा राहून नवऱ्याचं काम करत होतो, म्हणजे टोपली धरत होतो. शेवटी एक सातेक वर्षांची मुलगी आली. अंगात आमच्या हेरन्सचा शर्ट, पाठीवर ३८ नंबर, तोंडाला पांढरा रंग, उजवा हात गळ्यात बांधलेला, खिशातून खेळातल्या नोटा लोंबताहेत. कोरीनने विचारलं, तू कोण गं बाई? ती म्हणाली, "मी आयझॅक टूमीचं भूत." कोरीन इतकी हसली की पोरीला मूठभर चॉकलेटं मिळाली.

मी खाली बसून त्या मुलीला नीट समजावलं. टूमी जिवंत आहे. पिचर आहे, आपल्याच टीमचा आहे, खांदा दुखावलाय एवढंच, आणि तो रोज स्टेडियमवर येतो. ती म्हणाली, "येतो, पण खेळतो कुठे?" हल्लीच्या मुलांना बेसबॉल कळत नाही.

टूमीला तेवढ्या पैशांत घेणं ही चूक नव्हती. हेरन्सचा जनरल मॅनेजर म्हणून हे एकदा इथे लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही.

३ नोव्हेंबर

बाजार उघडला. करार संपलेले सगळे खेळाडू आता मोकळे. जो जास्त देईल त्याचे. या दिवसांत भल्याभल्या मॅनेजरांची डोकी फिरतात. माझं फिरणार नाही. संकल्प: खेळाडूची जी किंमत असेल तीच द्यायची. वर एक डॉलर नाही.

मिसेस वोझ्निककडे मीटिंग. नवरा गेल्यावर सॉसेजचा कारखाना आणि टीम, दोन्ही त्यांच्याकडे आली. कारखान्यातलं त्यांना सगळं कळतं. म्हणाल्या, "लेलँड, मी एक्क्याऐंशीची झाले. गेल्या वर्षी आपल्या पोरांनी मारलेला एक चेंडू धड माझ्या खुर्चीपर्यंत आला नाही. मला चेंडू भिंतीवरून जाऊन तळ्यात पडलेला बघायचाय. तो बार्डवेल आण." कोल्टन बार्डवेल, वय तेहतीस, बाजारातला सगळ्यात मोठा फटकेबाज. मी म्हटलं, आणलाच समजा. त्या म्हणाल्या, "आण. पण पुन्हा टूमी झाला तर तुझ्या खुर्चीत रेनी बसेल. प्रेमाने सांगतेय हो."

रेनी माझी सहायक. हुशार आहे, पण सगळं आयुष्य आकडेवारीत गेलेलं. तिने बार्डवेलची किंमत काढली: तीन वर्षं, सहा कोटी डॉलर. "त्यानंतर तो पळायचं सोडा, चालला तरी नशीब," म्हणाली. मी म्हटलं, सहा म्हणजे सहा.

खुर्ची चामड्याची आहे. मी स्वतः निवडलेली.

६ नोव्हेंबर

टॉवेल.

खांदा गेलेल्या पिचरला डॉक्टर चेंडू टाकू देत नाहीत. हातात टॉवेल धरायचा आणि चेंडू टाकल्यासारखा झटकायचा. टूमी हे माझ्या खोलीच्या खालच्या बोळात करतो. फट्. मग बराच वेळ काही नाही. आता वाजणार, आता वाजणार म्हणून आपण कान देऊन बसतो आणि वाजत नाही. हातातलं काम पुन्हा सुरू केलं की, फट्. बाहेर सगळं मैदान रिकामं, तळ्यावरून येणारा वारा खुर्च्यांमधून घोंघावतोय, आणि भिंतीतून हे. फोनवर समोरचा माणूस विचारतो, काय वाजलं? मी सांगतो, हीटरचा पाइप.

करारच तसा आहे. "मी खेळ सोडला" असं टूमीने म्हटलं की पैसे बंद. रोज येऊन बरं व्हायचा प्रयत्न केला की पैसे चालू. त्यामुळे तो सोडत नाही आणि बराही होत नाही. दोन वर्षं चेंडू टाकले, चार वर्षं टॉवेल टाकतोय.

जिन्यात भेटला. म्हणाला, "बॉस, आज जरा बरं वाटतंय." भेटला की हेच म्हणतो. चांगला माणूस आहे. त्याने एकदा तरी मला शिव्या द्याव्यात. उद्यापासून स्वयंपाकघराच्या मागच्या जिन्याने ये-जा करणार. तेवढाच व्यायाम.

१० नोव्हेंबर

व्हिक्टर ससमनशी बोललो. बार्डवेलचा एजंट. आवाज लोण्यासारखा. "लेलँड, राजा, कसा आहेस? मुलगी काय म्हणते?" मला मुलगी नाही. म्हटलं, मजेत आहे. मग सहा कोटींचा आकडा सांगितला. तो गप्प. फोन कट झाला की काय असं वाटेपर्यंत गप्प. मग हळूच म्हणाला, "तुझ्यापासून काय लपवायचं? दुसरी एक टीम आहे." कुठली? "नाव घेणार नाही असा शब्द दिलाय. पण खूप गंभीर आहेत रे. खूप."

रेनीला सांगितलं. ती म्हणाली, "एजंट लोक वर्षानुवर्षं हीच टीम काढतात. त्या टीमने अजून एक मॅच खेळलेली नाही." तिने ससमनचा आवाज ऐकलेला नाही. त्या गप्प बसण्यात कुणीतरी होतं. मी ऐकलं.

मिसेस वोझ्निकना फोन केला. सगळं नीट सांगितलं: दुसरी टीम आहे, मी सात म्हणणार आहे, त्यापुढे जाणार नाही. त्या नुसत्याच "बरं, बरं" म्हणाल्या.

११ नोव्हेंबर

सात कोटी. हे जास्त देणं नव्हे. सहा हा रेनीचा आकडा होता, माझा सातच होता. मी तो मनात ठेवला होता.

१३ नोव्हेंबर

ससमनचा फोन. आवाजातलं लोणी पार गेलेलं. चाचरत होता. म्हणाला, "लेलँड, त्या दुसऱ्या टीमने... म्हणजे खरंच... साडेसात दिले." इतकी वर्षं या माणसाशी घासाघीस करतोय, पण त्याला घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. एवढा मुरलेला एजंट घाबरतो, म्हणजे समोर कुणीतरी जबरदस्त आहे.

रेनीला म्हटलं, आता काय म्हणतेस? ती म्हणाली, "लिलाव जिंकतो कोण? ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकला तो." अशी कोडी घालते आणि वर कॉफी पीत बसते.

आठ.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

कोरीनच्या भावाकडे. टर्की कापताना मेहुणा म्हणाला, "लेलँडला पंख देऊ नका रे, तो त्याचे सात वर्षांचे पैसे देऊन बसेल." सगळे हसले. सासूबाई जरा जास्तच. मीही हसलो. मोठ्या माणसाला हसता आलं पाहिजे.

गोडाची पाई कापायच्या आत ससमनचा मेसेज. दुसरी टीम: साडेआठ. मी आठ म्हणालो की साडेआठ. सात म्हणालो की साडेसात. दर वेळी माझ्या एक पाऊल पुढे, पण एकच पाऊल. म्हणजे माझा आकडा त्यांना आधी कळतो. हे लक्षात आलं. जेवण गेलं नाही. कोरीनला वाटलं, मेहुण्याचं मनाला लागलं.

माझा आकडा दोनच माणसांना माहीत असतो. रेनी आणि मिसेस वोझ्निक.

२९ नोव्हेंबर

रेनी.

तिच्यावर संशय घेताना जिवावर येतंय. पण मालकीणबाई स्वतःच्या टीमशी दगा कशाला करतील? साधा तर्क आहे. आजपासून रेनीला आकडा सांगणार नाही. फक्त मिसेस वोझ्निकना, रोज जेवणाआधी फोनवर, आणि तोही हळू आवाजात. आज नऊ सांगितला. त्या म्हणाल्या, "नऊ पुरतील का रे?" किती काळजी त्या बाईला!

३० नोव्हेंबर

साडेनऊ. त्यांचे. म्हणजे रेनी नव्हे. किंवा रेनीने माझा फोन ऐकण्याची सोय केली आहे. फोन बदलणार.

८ डिसेंबर, डलास

हिवाळी संमेलन. सगळ्या टीमचे मॅनेजर, सगळे एजंट, एकच हॉटेल. लॉबीत चार मजली ख्रिसमसचं झाड, त्याखाली घोळक्या-घोळक्याने उभी माणसं. मी जवळ गेलो की बोलणं थांबतं. पूर्वी थांबत नसे. पूर्वी मीच बोलायचो.

ठरवलं, सरळ विचारायचं. नाश्त्याला प्रत्येक टेबलाशी गेलो. तुम्ही बार्डवेलच्या मागे आहात का? एक जण म्हणाला, "त्या पायांसाठी? छे." दुसरा म्हणाला, "आम्ही सहावर सोडला." तिसऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "लेलँड, झोप नीट लागते ना?" एकाही टीमने हो म्हटलं नाही. इतके लोक एका सुरात नाही म्हणतात, म्हणजे पाणी मुरतंय.

लिफ्टमध्ये एकटा होतो. दार बंद होताना कुणाची तरी पावलं धावत आली. मी बटण दाबून दार उघडलं. बोळ मोकळा. लाल गालिचा आणि एका खोलीबाहेर ठेवलेला उष्टा ट्रे. मला भीती वाटली. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो.

९ डिसेंबर, डलास

रेनी खोलीवर आली. "तुम्ही मला आता आकडे सांगत नाही, पण तुमचा चेहरा सांगतो," म्हणाली. मग दार लावून बसली आणि हात जोडल्यासारखं करून म्हणाली, "लेलँड, ऐका माझं. दुसरं कुणीही नाही. मी सगळ्यांशी बोलले. तुम्ही स्वतःशीच बोली लावताय."

मी तिला शांतपणे सांगितलं. टूमीच्या वेळीही सगळे म्हणाले होते, इतके देऊ नका. मी दिले. आता समज, नसते दिले. टूमी दुसरीकडे गेला असता, तिथे धडधाकट राहिला असता, आणि लोकांनी मला जन्मभर ऐकवलं असतं. तेव्हा देऊन पस्तावण्यापेक्षा न देऊन पस्तावणं वाईट. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही पस्तावताय." मी म्हटलं, हा शब्दखेळ झाला. ती उठून गेली.

दहा कोटी, चार वर्षं.

१० डिसेंबर, डलास

साडेदहा. त्यांचे.

मग मी अकरा म्हणालो आणि वर एक वर्ष जोडलं. पाच वर्षं. ससमन फोनवर नुसता श्वास घेत होता. म्हणाला, "लेलँड, मी आता तुझ्या बाजूने सांगतो, थांब." एजंट थांब म्हणतोय! दुसऱ्या टीमने त्याला विकत घेतलंय, दुसरं काय. मी थांबलो नाही.

संध्याकाळी फोन आला. दुसरी टीम गप्प बसली. बार्डवेल आमचा.

जिंकलो. लॉबीत सांगत सुटलो. लोक टाळ्या वाजवत होते, काही जण तर पोट धरून. आज महिन्यानंतर पहिल्यांदा पाठीमागे कुणी नाही असं वाटतंय. कोरीनला फोन केला. तिने विचारलं, "अकरा कोटी? कशाचे?"

१६ डिसेंबर

बार्डवेलची पत्रकार परिषद. मोठा देखणा माणूस. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरचा, बर्फ फक्त ग्लासात पाहिलेला. पायऱ्या चढताना कठडा धरत होता. मी पत्रकारांना सांगितलं, नवीन जागा आहे, सवय नाही.

मिसेस वोझ्निक लाल हॅट घालून आल्या होत्या, घरून पिरोगी, म्हणजे पोलिश उकडीच्या करंज्या, करून. सगळ्यांना बळेबळे वाढत होत्या. एकाने विचारलं, एवढे पैसे जरा जास्त नाही का होत? मी म्हटलं, दुसरी एक टीम साडेदहा द्यायला तयार होती. मिसेस वोझ्निक माझ्याकडे बघून गालात हसल्या. अभिमान वाटला असणार.

मग मागच्या दाराने टूमी आत आला. कुणी बोलावलं नव्हतं. सरळ बार्डवेलकडे गेला आणि डावा हात पुढे केला. बार्डवेल जरा गोंधळला. विचारलं, "आपण?" टूमी अगदी गोड हसून म्हणाला, "मी तुमच्याआधीचा."

कॅमेरे नेमके त्याच वेळी चालू होते.

२४ डिसेंबर

मिसेस वोझ्निककडे ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळचं जेवण. दर वर्षी असतं. बीटाचं सूप, मासे, मशरूम, मांस नाही. पोलिश रिवाजाप्रमाणे टेबलावर एक ताट जास्तीचं, अवचित कुणी पाहुणा आला तर त्याच्यासाठी. आकाशात पहिला तारा दिसल्यावर जेवायला बसायचं. ढगांमुळे तारा दिसेना. शेवटी मिसेस वोझ्निक म्हणाल्या, "असेल मागे कुठेतरी," आणि बसलो. मी, कोरीन, त्यांची बहीण मारिया. आणि ते रिकामं ताट माझ्यासमोरच.

मी ग्लास उचलला. म्हटलं, त्या दुसऱ्या टीमच्या नावाने, जिला आपण हरवलं. मारिया फिसकन हसली. मिसेस वोझ्निकनी तिला कोपराने ढोसलं. मग म्हणाल्या, "आता सांगायला हरकत नाही. ती मीच रे."

मला वाटलं, वाईन जास्त झाली.

त्या म्हणाल्या, "तू पहिल्या दिवशी घाबरून फोन केलास ना, दुसरी टीम आहे म्हणून? मला तुझा स्वभाव माहीत आहे. म्हटलं, हा कच खाणार आणि बार्डवेल जाणार हातचा. म्हणून मी त्या ससमनला फोन केला. म्हटलं, मी एक सभ्य बाई आहे, नाव सांगणार नाही, पण लेलँडपेक्षा अर्धा कोटी जास्त देते. बिचारा म्हणाला, 'मॅडम, आपण खरंच आहात?' मग तू वाढवलास की मी वाढवायचे. अंगात जोर आला ना तुझ्या?"

मी विचारलं, असं का पण? म्हणाल्या, "चर्चच्या लिलावात मी असंच करते. माझ्या केकवर मीच बोली लावते. नाहीतर लोक पाच डॉलरला उचलतील. मी लावते, मग मारिया लावते, मग मी. भाव पडत नाही."

मी म्हटलं, मिसेस वोझ्निक, केक आपल्याला विकायचा असतो. बार्डवेल आपल्याला विकत घ्यायचा होता.

त्या सूप ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे तू मला तेव्हाच सांगायचं होतंस."

जास्तीच्या ताटावर कुणी आलं नाही. कोरीनने घरी येताना गाडीत माझा हात धरला. मी तिला म्हटलं, एका दृष्टीने बघितलं तर मी मालकीणबाईंनाही हरवलं. तिने हात सोडला.

२६ डिसेंबर

रेनीला सांगितलं. ती हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

१७ जानेवारी

बार्डवेल स्वतःच्या घरासमोरचा बर्फ फावड्याने काढायला गेला. इथे शेजारी काढतात, तर आपणही काढावा असं वाटलं त्याला. अकरा कोटींचा माणूस आणि दहा डॉलरचं फावडं. कंबरेच्या सांध्यातून काहीतरी कडकडलं. शेजाऱ्याने ते रस्त्यापलीकडून ऐकलं.

१९ जानेवारी

ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, हा हंगाम गेला. पुढचा? डॉक्टरांनी खांदे उडवले. डॉक्टरांना खांदे उडवायचे पैसे मिळतात. पण तेहतीस हे काही वय नव्हे. पुढच्या वर्षी चौतीस.

२३ जानेवारी

मिसेस वोझ्निकनी बोलावलं. कारखान्यात, मसाल्याच्या वासात. त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून मला जास्त धास्ती वाटली. "अर्धी चूक माझी आहे," म्हणाल्या. मी लगेच म्हटलं, खरं आहे. त्या म्हणाल्या, "पण टीम माझी आहे, तेव्हा माझी अर्धी मी माफ केली. खुर्ची रेनीची."

मग करार काढला. माझा. तीन वर्षं शिल्लक. मला काढलं तरी त्यांना सगळे पैसे द्यावे लागतात. मी स्वतःहून सोडलं तर एक डॉलर नाही. त्यांनी विचारलं, "लेलँड, तुला एवढ्या वर्षांचा करार मी का दिला होता रे?" गेल्या वर्षी मीच त्यांना म्हटलं होतं की दुसरी एक टीम मला विचारतेय. तसं कुणी विचारलं नव्हतं. पण विचारलं असतं.

त्या म्हणाल्या, "घरी बसवून पैसे द्यायला जिवावर येतं. तू रोज येत जा. सल्लागार म्हणून. कुणी सल्ला विचारला तर दे." म्हणजे माझ्या अनुभवावरचा त्यांचा विश्वास कायम आहे. कोरीनला हे याच शब्दांत सांगितलं.

२ फेब्रुवारी

नवीन खोली. टूमीच्या बोळातच, आधी इथे मैदान झाकायच्या ताडपत्र्या असायच्या. खिडकी नाही. खुर्ची घडीची. आता फट् भिंतीतून येत नाही, दारातून येतं. मधूनमधून बार्डवेलच्या कुबड्यांचं टक् टक्. टूमी त्याला कुठला टॉवेल मऊ, कुठला नाही ते समजावत होता.

संकल्प: रेनीसाठी एक टिपण. विषय: मोकळ्या खेळाडूंना जास्त पैसे देण्यामागची तत्त्वं.

१४ फेब्रुवारी

टीम सरावाला फ्लॉरिडाला गेली. मला वाटलं होतं, सल्लागार म्हणून मीही. बस मी पार्किंगमधून जाताना पाहिली. रेनीने खिडकीतून हात केला. तो मलाच केला असावा.

तळं गोठलंय. दुपारी चारलाच अंधार वाटतो. टिपणाचं शीर्षक झालं.

२८ फेब्रुवारी

रेनीने त्या फावड्याच्या पैशात, म्हणजे तुलनेने म्हणतोय, दोन पोरं घेतली. नावं कुणी ऐकलेली नाहीत. फ्लॉरिडातून बातम्या येतात की बरी खेळताहेत. मी तिला मेसेज केला: सावध राहा, हे लोक दुसऱ्या टीमची भीती घालतात. तिने अंगठा पाठवला.

९ मार्च

टूमी माझ्या खोलीत आला. चार वर्षांत पहिल्यांदा. उभाच राहिला. म्हणाला, "बॉस, सोडलं मी. सही करून आलो." मला आधी कळलंच नाही. अजून एक वर्ष बाकी आहे त्याचं, एवढे पैसे. म्हटलं, वेडा आहेस का? रोज यायचं, टॉवेल झटकायचा, एवढंच तर आहे.

तो म्हणाला, "तेच ना. सकाळी पोरं शाळेत जाताना विचारतात, पप्पा आज कामावर काय करणार? मी रोज काहीतरी बनवून सांगतो. त्या दिवशी हॅलोविनला आमच्या गल्लीत तीन पोरं माझं भूत होऊन फिरत होती. माझी धाकटी रडली. तिला वाटलं, लोकांना मी मेलोय असं वाटतं." मग हसला. "मी तिला म्हटलं, वाटू दे. पण मलाही तसंच वाटायला लागलंय."

ओक्लाहोमाला जाणार. भावाचं टायरचं दुकान आहे. तिथल्या शाळेतल्या मुलांना डाव्या हाताने शिकवणार. जाताना दारात थांबला. म्हणाला, "तुम्हीही निघा की बॉस. दार बाहेरून बंद नसतं, मी रोज बघायचो."

त्याने खरं तर शिव्या द्यायला हव्या होत्या. मी उठून त्याला मिठी मारली. खूप वेळ. उजव्या खांद्याला धक्का लागू नये म्हणून जपून. मग तो गेला, आणि मी बसलो, आणि डोळे पुसले. ताडपत्र्यांची धूळ आहे इथे.

१० मार्च

टूमीची आणि माझी गोष्ट वेगळी. तो खेळाडू, त्याचं शरीर संपलं. माझ्याकडे अनुभव आहे. अनुभवाला दुखापत होत नाही. रेनी केव्हाही विचारू शकते. आणि तीन वर्षं म्हणजे काय, हां हां म्हणता जातील.

कोरीन म्हणाली, "तू सोड. मी आहे ना. आपण भागवू." मी तिला समजावलं की आत्ता सोडलं तर लोकांना वाटेल, मी हरलो.

१९ मार्च

बोळ अगदी शांत. बार्डवेल व्यायामाला गावातल्या पोहण्याच्या तलावावर जातो. टिपणाचं पहिलं पान झालं.

२७ मार्च

उद्या इथला पहिला सामना. सगळं स्टेडियम झाडूनपुसून चकचकीत. लोक पळताहेत, हाका मारताहेत. मी टिपण घेऊन वर माझ्या जुन्या खोलीकडे गेलो. म्हटलं, रेनी फ्लॉरिडाहून आली असेल, हातात देऊ. रेनी नव्हती. बाहेरच्या टेबलावर एक नवीन मुलगी बसली होती, फोन कानाला लावून. पलीकडून कुणीतरी जनरल मॅनेजरला विचारत असावं. मी दारात उभा राहिलो, टाय सारखा केला, तिच्याकडे बघून हसलो. तिने मान वर केली. नजर माझ्यावरून गेली, मागच्या बोळात जाऊन परत आली.

फोनमध्ये म्हणाली, "नाही हो. इथे कुणीच नाहीये."

खोकणार होतो. पण ती कामात होती, म्हणून तसाच खाली आलो.